मुरलेला रंग

शब्द तीन होते, अक्षरं आठ. रंग एकच, लाल, डब्यातून फवारलेला. अक्षरांची उंची चाळीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर. ओघळ नऊ, त्यांतले दोन पार पायरीपर्यंत पोचलेले. फुटलेली काच एक. तिचे मोठे तुकडे सहा, बारीक तुकडे मोजण्यापलीकडचे. विटेचा अर्धा तुकडा पोलिसांनी पिशवीत घालून नेला होता, पण तो जिथे आदळला तिथे आतल्या फरशीचा नखाएवढा टवका उडालेला दिसत होता. पायरीवर रक्ताचे थेंब पाच. पाचवा फिसकटलेला, त्यावर कुणाचा तरी पाय पडला असावा. तिने हे सगळं डावीकडून उजवीकडे मोजलं आणि मग उजवीकडून डावीकडे. एकदा मोजलेलं म्हणजे अजून न मोजलेलंच, असं प्रयोगशाळेतल्या बाई सांगायच्या, आणि त्या बाईंच्या बाकी सगळ्या शिकवणीपेक्षा हे एक वाक्य तिच्या अंगात जास्त भिनलं होतं. शब्दांचा अर्थ मात्र तिने मोजणीत घेतला नव्हता. तो घेतला असता तर पट्टी सरळ धरता आली नसती. मागून फोरमन ओरडले, "काय शास्त्रज्ञ, भिंतीची मुलाखत चाललीय का? पुसा की. चार तासांतला एक गेला."

नगरपालिकेच्या भिंत-सफाई पथकात तिला चार वर्षं झाली होती. रसायनशास्त्रात पदवी घेतलेल्या मुलीने भिंती पुसायची नोकरी धरली तेव्हा मामा म्हणाला होता, "एवढं शिकून शेवटी हातात पोतेरंच ना?" त्यावर ती हसली होती. मामाला कसं सांगणार की कुठल्या दगडावर कुठला लेप किती मिनिटं ठेवायचा हे चुकलं तर दगडाची साल निघते, आणि बरोबर आलं तर रंग साईसारखा उचलून येतो. आणि तो तसा आला की तिला जे होतं त्याला अभिमानाशिवाय दुसरा शब्द नाही. पथकाच्या गाडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, चार तासांत भिंत कोरी. हे वाक्य फोरमनांचं. कामाच्या कार्डाचा नमुनाही त्यांचाच. ठिकाण, पृष्ठभाग, क्षेत्रफळ, रसायन, लागलेला वेळ. आणि शेवटचा रकाना 'मजकूर', ज्यात गेली सव्वीस वर्षं प्रत्येक कार्डावर एकच शब्द पडत आला होता: अनुचित. कुणाच्या आईवरून शिवी असो, कुणाच्या पक्षाला असो, नाहीतर असं, दोन माणसं एका घरात राहतात म्हणून त्यांच्या भिंतीवर असो, सगळं अनुचित. घाण शब्द पालिकेच्या कागदावर चढवायचे नाहीत, हा फोरमनांचा दंडक. त्यात त्यांची सभ्यता होती. ती तिला आवडायची.

तिने भिंतीवर पाणी फवारलं. लेप लावण्याआधी वीट ओली करून घ्यावी लागते. पाणी पडलं की भाजकी वीट लगेच गडद होते, आणि ही झालीही, पण सगळीकडे नाही. लाल अक्षरांच्या खाली, जरा उजवीकडे, काही पट्टे फिकेच राहिले. पाणी तिथे मुरतच नव्हतं. जिथे रंगातला चिकटा विटेच्या छिद्रांत बसलेला असतो तिथे पाणी आत शिरत नाही, वरून घरंगळतं, हे तिला ठाऊक होतं. पुस्तकातलं होतं, परीक्षेत आलं होतं. पण ओल्या भिंतीत एक कोरडा शब्द हळूहळू उभा राहताना तिने पहिल्यांदाच पाहिला. आणि त्या शब्दाभोवती पुसण्याची कड होती, कमानीसारखी, शेवटी वर किंचित झटका दिलेली. तसा झटका पथकात एकच माणूस देतं. ती स्वतः. दोन वर्षांपूर्वीची सकाळ तिला आठवली. अडतीस मिनिटांत काम झालं होतं. फोरमनांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. भिंतीमागच्या दुकानातून तिथला घड्याळं दुरुस्त करणारा माणूस चहा घेऊन बाहेर आला होता, डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलेलं, आणि त्याने विचारलं होतं, "लिहून घेतलंत ना हे?" ती म्हणाली होती, "काळजी करू नका. काही राहणार नाही."

काही राहणार नाही. हे तिने किती विश्वासाने सांगितलं होतं! आता तोच माणूस दारात उभा होता. गल्लीत त्याला घड्याळजी म्हणत, आणि त्याच्याबरोबर बावीस वर्षं वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला मास्तर. दोघांचा उल्लेख बहुतेक एका श्वासातच व्हायचा, घड्याळजी-मास्तर, एखाद्या गावाचं नाव असावं तसा. मास्तरांच्या उजव्या हाताला बँडेज होतं. "सात टाके," ते म्हणाले. "तीस वर्षं फळ्यावर नद्या काढल्या, आता एक हातावर आली." घड्याळजींना हसू आलं नाही. "चौकीत विचारलं, याआधी कधी झालंय? मी म्हटलं, झालंय. कागद आहे? म्हटलं, पालिकेला विचारा. त्यांनी विचारलं. पालिकेचा कागद म्हणतो, अनुचित, साफ केले. मग तो अंमलदार म्हणतो, म्हणजे पहिलाच प्रकार, पोरांचा खोडसाळपणा. पोरांचा! वीट काय पोरांनी खेळायला आणली होती?" मास्तर म्हणाले, "जाऊ दे ना आता. महिनाअखेर आपण निघतोयच." कुठे, असं तिने विचारलं. "माझ्या बहिणीकडे. तिचं गाव लहान आहे. तिथे घड्याळं कमी बिघडतात, पण चालेल."

पालिकेचा एक ठराव होता, हे तिला माहीत होतं. एकाच ठिकाणी, त्याच माणसांना लक्ष्य करून तीनदा हल्ला झाल्याची नोंद असली की फिर्याद पालिकेने स्वतः द्यायची. मग तो खोडसाळपणा राहत नाही, द्वेषाचा गुन्हा होतो. गस्त लागते, कॅमेरा लागतो, आणि मार खाल्लेल्या माणसाला एकट्याने चौकीत उभं राहून, तुम्ही दोघं एकमेकांचे कोण, या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागत नाही. ठराव चांगला होता. फक्त तो लागू झाला नव्हता, एकदाही नाही. तीन नोंदी कधी भरल्याच नव्हत्या. कशा भरतील? पालिकेचा एक हात नोंद मागत होता आणि दुसरा ती चार तासांत पुसत होता. तिने लेपाचं झाकण तात्पुरतं परत लावलं; पुसायचं ते उतरवून झाल्यावर. आलेखाचा कागद काढला आणि कोरडी अक्षरं, ओली वीट वाळायच्या आत, चौकटी मोजत उतरवून घ्यायला लागली. फोरमन गाडीतून उतरून जवळ आले, कागदावर काय उमटतंय ते त्यांनी पाहिलं, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "हे काय लिहिताय? पोटातलं बाहेर येईल असले शब्द!" ती म्हणाली, "शब्द भिंतीचे आहेत, साहेब. मी नुसतं मोजतेय."

शाळेत असताना बाकावर कुणीतरी कंपासच्या टोकाने तिचं आणि तिच्या मैत्रिणीचं नाव कोरलं होतं, आणि खाली एक शब्द. ती तेव्हा तेरा वर्षांची. मधल्या सुट्टीत एकटी थांबून तिने ब्लेडने तो थर खरवडला, मग पायाच्या टाचा घासायचा दगड घरून आणून लाकूड गुळगुळीत केलं, वर पेन्सिलीची पूड चोळली. पुन्हा कोरलं गेलं. पुन्हा घासलं. त्या वर्षी तीनदा. तिसऱ्या वेळेला तर असं झकास जमलं की वर्गशिक्षिका म्हणाल्या, या बाकावरची मुलं बाक किती स्वच्छ ठेवतात पाहा. हात बसला तो तेव्हापासून. पुसणं म्हणजे जिंकणं असं तिला बरीच वर्षं वाटत आलं होतं. कुणी वाचायच्या आत नाहीसं केलं की झालंच नाही. मग मैत्रिणीने एक दिवस जागा बदलून घेतली आणि ती का बदलली हे कुणाला सांगता येईना. सांगायला बाकावर काही उरलंच नव्हतं. आज ओल्या विटेसमोर उभी असताना हा हिशेब पहिल्यांदा तिच्या डोक्यात नीट लागला, इतक्या उशिरा की तिला स्वतःचा रागसुद्धा आला नाही, नवलच वाटलं.

घरी पडदेवालीला हे सगळं सांगितलं. पडदेवाली नाट्यगृहात पडदे आणि पोशाख शिवते. दोघी आठ वर्षं एकत्र राहतात, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत, ज्यातली एक कायम कापडांनी भरलेली. ती इतकी उंच आहे की दिव्याच्या झुंबराला रोज एकदा डोकं लावते आणि रोज त्यालाच रागावते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाण्याने दिसतं ते किती जुनं दिसतं?" फार नाही. जांभळ्यापलीकडच्या, अतिनील प्रकाशाचा दिवा असला तर जुना चिकटा चमकतो. दिवा गोदामात आहे. पण दिवसाउजेडी त्याचा उपयोग नाही, अंधार लागतो. "अंधार मी देते," पडदेवाली म्हणाली. नाटकातल्या काळ्या पडद्याचं कापड, दुहेरी, आत तारेचा सांगाडा, भिंतीला टेकणाऱ्या कडेला स्पंजाची पट्टी. एका रविवारात तिने तो बुरखा शिवला. डोकं आणि खांदे आत घालून भिंतीला चिकटलं की भर दुपारी अमावास्या. "दिसतेस मात्र गाढवासारखी," ती म्हणाली, "शेपूट तेवढी राहिली."

सोळा दिवस ती सुट्टीच्या वेळात भिंतींना डोकं लावून फिरली. जुन्या कार्डांवरून जागा काढल्या; जिथे एकाच दारावर दोनदा 'अनुचित' पडलं होतं त्या आधी. बुरख्याच्या आत स्वतःच्या श्वासाचा दमट वास यायचा आणि हिरवट पांढऱ्या उजेडात शब्द वर यायचे, बाहेरच्या जगाने विसरलेले, विटेने न विसरलेले. ते शब्द तिच्यासाठीही होते. दुसऱ्याच्या दारावर लिहिलेले, पण तिच्याचसाठी. नाडी मोजली तर एकशे चार भरायची. ती थांबायची, नव्वदच्या खाली येऊ द्यायची, मग कागदावर चौकटी भरायची. एकदा एक आजी काठी टेकत मागे येऊन उभी राहिली. "आत काय दिसतं गं?" "जुना रंग, आजी." "मला दाखव की." तिने दाखवला. आजी बराच वेळ आत राहिली, बाहेर आली तेव्हा केस विस्कटलेले. "ही माझी भिंत," आजी म्हणाली. "वरच्या खोलीत एक पोरगी होती भाड्याने. आधी मुलगा होती म्हणे, मला काय, सकाळी माझी बादली वर नेऊन द्यायची. अचानक गेली. मला वाटलं, नोकरी लागली कुठे." मग, "मला सांगितलं का नाही गं तिने?" तिने आजीच्या केसांवरची स्पंजाची कातरण काढली.

भिंती अकरा निघाल्या. घड्याळजींच्या भिंतीवर आत्ताचं धरून तीन थर. पण सगळ्यांत जुना फार फिका, आठ अक्षरांपैकी जेमतेम पाच दिसणारा. यादी, त्या ठरावाचं काम पाहणाऱ्या पालिकेच्या समितीपुढे ठेवायच्या आदल्या दिवशी फोरमन तिच्या टेबलाशी आले. ते बसले नाहीत. "माझ्या सव्वीस वर्षांवर तुम्ही दिवा मारून बघताय." ती म्हणाली, "माझ्याही चार वर्षांवर." "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. घाण शब्द लिहून ठेवला की तो दोनदा लिहिला जातो." "आणि नाही ठेवला तर एकदाही लिहिला गेला नव्हता असं ठरतं. मग ती माणसं खोटी पडतात, साहेब. शब्द नाही." फोरमनांनी टेबलावरचं एक जुनं कार्ड उचललं, मागे-पुढे पाहिलं आणि जागेवर ठेवलं. "मी ते त्यांच्यासाठीच केलं होतं," ते म्हणाले. "लाज वाटू नये म्हणून." आणि गेले. ते गेल्यावर तिच्या लक्षात आलं की ते खरंच बोलत होते, आणि हेच अवघड होतं.

समितीच्या दालनात पंख्याला आवाज होता. अध्यक्षबाईंनी यादी वाचली, चौकटींचे कागद एकेक पाहिले, कपाळाला आठ्या घालून. मग चष्मा डोक्यावर ठेवून बसणारे एक सदस्य म्हणाले, "हा तिसरा थर म्हणजे नुसती सावली आहे. ढगात हत्ती दिसावा तसं. आणि दुसरं, बाईंनी हे सुट्टीत केलंय, कुणी सांगितलेलं नसताना. कुणी उगीच एवढं करत नाही. तुमचा यात काय संबंध?" ती तंत्रज्ञ म्हणून आली होती. काही नाही, असं म्हणता आलं असतं. खोटंही ठरलं नसतं. संबंध मोजायचं यंत्र कुठे असतं? तिला बाकावरची पेन्सिलीची पूड आठवली, बोटांना लागून राहायची ती, चकचकीत, आणि आई. आईला सांगितलं तेव्हा आई भांडी विसळत होती, ती म्हणाली होती, "बरं," आणि एक ताट दोनदा विसळून, "पण मामाला नको सांगूस." तेव्हापासून मामाच्या हिशेबी पडदेवाली ही 'खोलीतली मुलगी' होती, आणि कामावर ती 'आमच्या शेजारची'. किती कोरी करून ठेवली होती तिने स्वतःची भिंत. चार तासही लागू न देता, वर्षानुवर्षं. पाठीचा कणा आपोआप ताठ झाला, पट्टी धरताना होतो तसा. "संबंध आहे," ती म्हणाली. "मी एका बाईबरोबर राहते. आठ वर्षं, संसार करून. हे शब्द माझ्या दारावर आजवर आले नाहीत, हा योगायोग. म्हणून मी शोधले. पण दिवा कुणाच्याही हातात हाच उजेड देतो. माझं मोजणं मानू नका. दुसऱ्याकडून मोजून घ्या."

घड्याळजी मागच्या रांगेत होते. त्यांनी मास्तरांचा बँडेजचा हात आपल्या हातात घेतला, उघड, मांडीवर. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बरोबर आहे. दुसऱ्याकडून. ज्याचा काही संबंध नाही आणि ज्याला हे व्हायला नकोय अशा माणसाकडून." त्यांची नजर दालनभर फिरली आणि दाराशी उभ्या असलेल्या फोरमनांवर थांबली. पाच दिवसांची मुदत दिली. फोरमन बुरखा न्यायला आले तेव्हा तिने यादी पुढे केली. त्यांनी हात मागे घेतला. "यादी नको. यादी पाहिली की डोळ्यांना यादीच दिसते." तिला त्यांना मिठी मारावीशी वाटली. प्रयोगशाळेतल्या बाईही याहून नेमकं बोलल्या नसत्या.

"सांगितलंस? सगळ्यांसमोर?" पडदेवालीने विचारलं. "हो." "माझ्याबद्दल काय म्हणालीस?" "एक बाई." "नुसती बाई? उंच तरी म्हणायचंस!" आणि ती हसता हसता रडायला लागली, हातातली शिवण तशीच धरून, आणि डोकं झुंबराला लागलं. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. दालनात बसलेल्या कुणाच्या तरी कुणीतरी मामाला सांगितलं होतं. "मामा विचारत होता, ती समितीपुढे बोललेली मुलगी आपली की काय." तारेपलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला. "म्हटलं, हो. आपलीच. आणि तिची ती आहे ना, तिने तो काळा बुरखा शिवलाय, म्हटलं, असा शिवून दाखव." मग आई म्हणाली, "एकदा घेऊन ये तिला. दाराची चौकट बुटकी आहे आपल्याकडे, वाकून ये म्हणावं." फोन ठेवल्यावर ती खिडकीशी उभी राहिली. खाली चौकापलीकडच्या भिंतीला एक वयस्क माणूस काळ्या कापडात डोकं घालून चिकटला होता, भर उन्हात, आणि दोन पोरी त्याला पाहून खिदळत होत्या. तो हलला नाही. तिने घड्याळ लावलं. त्या एका भिंतीपाशी तो सत्तेचाळीस मिनिटं होता. तिने त्याच भिंतीला वीस दिली होती.

अस्वस्थता मात्र गेली नाही. त्यांना काहीच दिसलं नाही तर? सव्वीस वर्षं जे बघायचं नाही असं ठरवलं ते डोळ्यांना पाच दिवसांत दिसायला कसं लागेल? आणि दिसूनही ते म्हणाले की सावली आहे, तर घड्याळजी-मास्तरांच्या पेट्या बांधून झाल्याच होत्या. वरच्या मजल्यावरून नकाशांच्या गुंडाळ्या खाली आणून दुकानात उभ्या करून ठेवल्या होत्या, तिने स्वतः पाहिल्या. पण या सगळ्याखाली दुसरं काहीतरी होतं, घट्ट, हलवता न येणारं. बोलून झालेल्या वाक्याचं वजन. ते तिच्याकडून आता कुणीही, तिच्यासकट, पुसू शकणार नव्हतं. जिना चढताना शेजारचे काका भेटले, नेहमीप्रमाणे म्हणाले, "काय, मैत्रीण घरी नाही वाटतं?" ती म्हणाली, "मैत्रीण नाही, काका. माझी जोडीदार. येईल सातला." काकांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बरं बरं. मग तिलाच सांग, माझ्या पँटची चेन बसवून देईल का."

सहाव्या दिवशी सकाळी फोरमनांचा अहवाल समितीच्या टेबलावर आला. तो कामाच्या कार्डांवरच लिहिलेला होता, त्यांच्या गोल, शाळकरी अक्षरात, आणि 'मजकूर' या रकान्यात प्रत्येक कार्डावर प्रत्येक शब्द जसाच्या तसा, पूर्ण लिहिला होता. अध्यक्षबाईंनी दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या.

तिच्या यादीत भिंती अकरा. फोरमनांनी तपासलेल्या भिंती साठ. जुना मजकूर आढळलेल्या, सतरा. तिच्या अकराही त्या सतरांत. घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या भिंतीवर मजकूर चार वेळा: तीन वेळा पालिकेच्या लेपाने पुसलेला, एकदा, पालिकेला न कळवता, घरातल्याच तारेच्या ब्रशने.